अपमृत्यूची चौकशी आणि मृताचे आप्त : मुंबई व इंग्लंड येथील कॉरोनर-संस्थेचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

घरातील माणूस अंथरुणावर, वैद्याच्या देखत आणि आप्तांच्या सोबतीत गेले, तर तो मृत्यू कुटुंबाचा असतो. तेच माणूस रस्त्यात, विहिरीत, गिरणीत, तुरुंगात किंवा कारण न कळता एकाएकी गेले, तर त्या मृत्यूवर कुटुंबाआधी राज्यसंस्थेचा हक्क पोचतो. देह ताब्यात घेतला जातो, अंत्यविधी थांबतो, शोक करणाऱ्यांना प्रश्न विचारले जातात आणि ‘काय घडले’ याची एक अधिकृत संहिता तयार होते. ही संहिता घडविणारी आंग्ल परंपरेतील जुनी संस्था म्हणजे कॉरोनर. मुंबई शहरात ही संस्था विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अस्तित्वात होती.

कायद्याच्या इतिहासात कॉरोनरचा विचार झाला आहे, न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही त्याला दोन-चार परिच्छेद मिळतात. मात्र मृताच्या कुटुंबाच्या बाजूने या संस्थेकडे क्वचितच पाहिले गेले. कॉरोनरसमोर उभ्या राहिलेल्या आप्ताने काय अपेक्षावे? त्याचे बोलणे कोणत्या भाषेत ऐकले जात होते आणि कोणत्या भाषेत उतरविले जात होते? निष्कर्षाच्या शब्दांत त्याला आपले माणूस ओळखू येत होते काय? हे प्रश्न कायद्याइतकेच कथनशास्त्राचेही आहेत. म्हणूनच तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यांची दखल घ्यावी लागते.

प्रस्तुत निबंधाची मांडणी अशी की, अपमृत्यूच्या चौकशीत कुटुंब एकाच वेळी तीन भूमिकांत वावरते. ते साक्षीदार असते, संशयित असते आणि दावेदारही असते. पहिल्या दोन भूमिका अतिशय प्राचीन आहेत. तिसरी भूमिका, म्हणजे सत्य ऐकण्याचा आप्तांचा दावा, अलीकडची आणि आजही अपुरी आहे.

२. पूर्वपीठिका : आशुमृत आणि दुर्मरण

एकाएकी आलेल्या मृत्यूची राज्यसंस्थेने चौकशी करावी ही कल्पना इंग्रजांबरोबर भारतात आली, असे मानण्याचे कारण नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणात ‘आशुमृतकपरीक्षा’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. प्रेतास तेल लावून त्याची तपासणी करावी, गळा आवळल्याची, बुडाल्याची, विषाची लक्षणे कशी ओळखावी, याचे तपशील तेथे येतात. त्याहून लक्षणीय आहे ती चौकशीची दिशा. मृताने छळलेला सेवकवर्ग, दुःखी किंवा अन्यत्र मन जडलेली घरातील स्त्री, वारशावर डोळा असलेला बांधव, यांच्याकडे प्रथम पाहावे असे कौटिल्य सांगतो. या संहितेत कुटुंब हे शोकाचे नव्हे, तर संशयाचे पहिले स्थान आहे. काम किंवा क्रोध यांच्या आहारी जाऊन आत्मघात करणाऱ्याचा देह दोरीने बांधून राजमार्गावरून ओढून न्यावा, त्यास अंत्यसंस्कार नाहीत, आणि आप्तांनी ते केल्यास त्यांनाही शासन, अशी कठोर व्यवस्था तेथे आहे.

धर्मशास्त्राने हाच विषय वेगळ्या अंगाने हाताळला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आत्मत्याग करणाऱ्यांना उदकक्रिया नाकारली आहे. पुढील निबंधकारांनी दुर्मरणाचे प्रकार, आशौचाचे अपवाद आणि नारायणबलीसारखी प्रायश्चित्ते यांचा विस्तार केला. त्र्यंबकेश्वरी आजही नारायणबली होतो, तो याच परंपरेतून. म्हणजे मृत्यूचे वर्गीकरण करणे, आणि त्या वर्गीकरणाचे परिणाम कुटुंबाने भोगणे, ही गोष्ट मराठी समाजाला परकी नव्हती. कॉरोनर आला तेव्हा ‘हा मृत्यू कोणत्या प्रकारचा’ हे ठरविणारी एक सत्ता घरात आधीच हजर होती. पुरोहिताचा निर्णय गती आणि संस्कार यांच्याशी निगडित होता, कॉरोनरचा निर्णय अपराधाशी.

इंग्लंडमध्येही या पदाचा उगम करुणेत नाही. ११९४ साली निर्माण झालेला हा अधिकारी राजाच्या महसुलाचा राखणदार होता. आत्मघातक्याची चीजवस्तू सरकारजमा होई. ज्या वस्तूमुळे मृत्यू घडला ती गाडी, तो बैल किंवा त्याची किंमत दंड म्हणून राजाकडे जाई. हा दुसरा प्रकार इंग्लंडने १८४६ मध्ये, तर आत्मघातक्याच्या मालमत्तेची जप्ती १८७० मध्ये रद्द केली. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील कबर खोदणारे ऑफेलियाच्या दफनावरून जी विनोदी कायदेचर्चा करतात, तिच्या मुळाशी सोळाव्या शतकातील सर जेम्स हेल्स यांच्या आत्महत्येतून उद्भवलेला मालमत्तेचाच दावा आहे, असे अभ्यासक मानत आले आहेत. श्रीमंत घराण्यातील मुलीला ख्रिस्ती दफन मिळते आणि गरिबाच्या मुलीला मिळाले नसते, हा त्या संवादातील टोला कॉरोनरच्या निर्णयावर कुटुंबाचे किती अवलंबून असे, हे नेमके सांगतो.

३. १८७१ चा कायदा आणि मुंबई बेट

कोलकाता, मद्रास आणि मुंबई या इलाखा शहरांत कॉरोनर नेमण्याची तरतूद १७९३ च्या सनदी कायद्यात होती. १८७१ च्या कॉरोनर कायद्याने या पदाचे अधिकार एकत्र आणून स्पष्ट केले. मद्रासमधील पद १८८९ मध्येच रद्द झाले आणि कोलकाता व मुंबई एवढ्याच शहरांत ही संस्था पुढे चालली.

या कायद्याची चौकट थोडक्यात अशी होती. अपघात, मनुष्यवध, आत्महत्या किंवा अज्ञात कारणाने एकाएकी आलेला मृत्यू, तसेच तुरुंगातील कैद्याचा मृत्यू, यांची खबर मिळताच आणि देह हद्दीत असल्यास कॉरोनरने चौकशी करावी. त्यासाठी पाच, सात, नऊ, अकरा, तेरा किंवा पंधरा प्रतिष्ठित व्यक्तींची ज्यूरी बोलवावी. पहिल्याच बैठकीत कॉरोनर आणि ज्यूरी यांनी देह पाहावा. साक्षी शपथेवर घ्याव्यात. प्रत्येक साक्षीनंतर ज्यूरीला आणखी काही विचारावयाचे आहे काय, ते पाहावे. साक्षीचा महत्त्वाचा भाग लिहून घ्यावा, तो साक्षीदारास वाचून दाखवावा आणि त्यावर त्याची सही घ्यावी. आत्मघातक्याची मालमत्ता जप्त होणार नाही, असेही या कायद्याने सांगितले. इंग्लंडमधील सुधारणेनंतर एका वर्षाच्या आत मुंबईच्या कॉरोनरचे महसुली मूळ अशा रीतीने छाटले गेले.

या अधिकाराची हद्द उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राइतकीच होती. एकोणिसाव्या शतकात याचा व्यावहारिक अर्थ मुंबई बेट असा होता. गिरगावात बुडालेल्या माणसाच्या कुटुंबासमोर कॉरोनर आणि ज्यूरी येत, तर खाडीपलीकडे ठाण्यात बुडालेल्याच्या कुटुंबासमोर पोलीस आणि पंच. एकाच भाषेच्या, कित्येकदा एकाच नात्यागोत्याच्या लोकांना मृत्यूनंतरच्या दोन वेगळ्या व्यवस्था भेटत होत्या, आणि त्यांतील फरक केवळ पदनामाचा नव्हता. एका ठिकाणी खुल्या न्यायालयात बोललेले शब्द होते, दुसऱ्या ठिकाणी जागेवर बसून लिहिलेला कागद होता.

४. दुभाषा, शपथ आणि साक्षीची संहिता

साहित्याच्या अभ्यासकाला या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम साक्षीच्या भाषेसंबंधीचे आहे. इंग्रजी न जाणणाऱ्या साक्षीदाराची तपासणी दुभाष्यामार्फत व्हावी, आणि त्या दुभाष्याने शपथ, प्रश्न व उत्तरे यांचे खरे भाषांतर करण्याची शपथ घ्यावी, असे तेथे म्हटले आहे. मुंबईतील मराठी, गुजराती, कोकणी, उर्दू बोलणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, आपल्या माणसाच्या मृत्यूची अधिकृत कथा अनुवादातच जन्माला येत होती. आई बोले, दुभाषा सांगे, कॉरोनर त्यातील ‘महत्त्वाचा भाग’ लिही. मग तो लिहिलेला भाग पुन्हा आईच्या भाषेत तिला ऐकविला जाई आणि ती त्यावर सही किंवा अंगठा करी. चार पायऱ्यांनी घडलेली ही संहिता कायद्याच्या दृष्टीने तिची साक्ष होती.

या प्रक्रियेत काय गळून पडू शकते, हे मराठी बोलण्याच्या वळणावरून समजते. ‘जिवाला कंटाळली होती’, ‘आता नको झालंय म्हणायची’, ‘डोळे मिटले तर बरं’ ही घरगुती बोलीतील रोजची वाक्ये आहेत. त्यांत थकवा असतो, रुसवा असतो, कधी केवळ वयाची कुरकुर असते. हीच वाक्ये विधिभाषेत उतरली की मरणाच्या इच्छेची कबुली ठरू शकतात. याउलट ‘घरात काही नव्हतं, सगळं नीट होतं’ हे सासरच्या माणसाचे वाक्य भाषांतरात निर्मळ साक्ष बनते. ते बोलताना साक्षीदार कोणाकडे पाहत होता, हे लेखनिकाला टिपता येत नाही. लोकबोलीतील मृत्यूविषयीचे बोलणे प्रायः आडवळणाने चालते. ‘वारले’, ‘गेले’, ‘देवाज्ञा झाली’, ‘पाय घसरला’ यांपैकी प्रत्येक शब्दप्रयोग काही सांगतो आणि काही झाकतो. कॉरोनरच्या प्रश्नाला मात्र आडवळण मान्य नव्हते.

शपथेचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा होता. १८५२-५३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीत एका अनामिक लेखनिकाच्या मृत्यूची चौकशी एका दारूच्या गुत्त्यात भरते. मृताशी माणुसकीचे नाते असलेला एकमेव साक्षीदार म्हणजे रस्ता झाडणारा जो नावाचा पोरगा. खोटे बोलल्यास मरणोत्तर काय होते हे त्याला नीट सांगता येत नाही, म्हणून त्याची साक्ष नाकारली जाते. मृतासाठी रडणारा एकटाच, आणि त्यालाच बोलण्याची मुभा नाही, ही त्या प्रसंगाची विदारकता. भारतात मात्र १८४० च्या कायद्याने हिंदू व मुसलमान साक्षीदारांना धार्मिक शपथेऐवजी प्रतिज्ञेवर बोलण्याची सोय झाली होती. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने साक्षीदाराची पात्रता श्रद्धेवरून न ठरविता, प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येते की नाही, यावरून ठरविली. वसाहतीतील बहुधर्मी समाजाच्या गरजेतून आलेली ही व्यवस्था कागदोपत्री तरी डिकन्सच्या लंडनपेक्षा उदार होती. जो लंडनमध्ये गप्प केला गेला, तो या नियमाखाली बोलू शकला असता. मात्र त्याचे बोलणे कोणत्या शब्दांत उतरले असते, हा प्रश्न उरतोच.

५. देहाचा ताबा

कुटुंबाला सर्वांत तीव्र जाणीव होई ती देहाच्या ताब्याची. हिंदूंचे दहन, मुसलमानांचे दफन शक्य तितक्या लवकर व्हावे अशी रीत. पारशी परंपरेत सगदीद, गेहसारणा आणि नंतर दोखम्याकडे प्रयाण, तेही सूर्यास्तापूर्वी. प्रेताला स्पर्श करण्याचा अधिकार नसेसालारांचा. ज्यूरीने देह पाहणे, शल्यवैद्याने तो उघडणे आणि परवानगी मिळेपर्यंत तो शवागारात पडून राहणे, या तिन्ही गोष्टी प्रत्येक समाजाच्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेला धक्का देणाऱ्या होत्या. १८३६ साली कोलकात्यात मधुसूदन गुप्त यांनी केलेले शवविच्छेदन आधुनिक वैद्यकाचा आरंभबिंदू म्हणून गौरविले जाते. १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय यांनी मुंबईत ती विद्या रुजविली. कुटुंबांच्या स्मृतीत मात्र ‘चिरफाड’ हाच शब्द राहिला, आणि त्यातील भीती आजही मावळलेली नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा या भीतीला सार्वत्रिक रूप आले. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर प्रेततपासणी हा प्लेगविरोधी उपायांचा भाग बनला. ती कॉरोनरची चौकशी नव्हती. तथापि ‘सरकार प्रेत पाहणार’ ही जाणीव तिने घराघरांत पोचविली. मृत्यू लपविणे, प्रेत रातोरात हलविणे, कारण वेगळे सांगणे, हे प्रतिकाराचे मार्ग लोकांनी अवलंबिले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत उसळलेल्या दंग्याचे निमित्त एका आजारी मुलीची तपासणी हे होते. देहावरील राज्याच्या हक्काला कुटुंब कोठवर सोसते, त्याची सीमा त्या दिवशी दिसली.

६. राजाबाई टॉवर, १८९१

कॉरोनर, वृत्तपत्रे आणि कुटुंब यांचे नाते एकाच घटनेत पाहावयाचे असेल, तर २५ एप्रिल १८९१ हा दिवस घ्यावा लागतो. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेल्या आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव दिलेल्या मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून दोन तरुण पारशी स्त्रिया मृत्यू पावल्या. त्यांपैकी बाचूबाई या पुढे उद्योगपती म्हणून प्रसिद्धीस आलेल्या अर्देशिर गोदरेज यांच्या पत्नी. पिरोजबाई त्यांच्या नात्यातील होत्या. अपघात, आत्महत्या की हत्या, हा प्रश्न शहरभर चर्चिला गेला. कॉरोनरची चौकशी झाली, फौजदारी कारवाईही झाली, परंतु कोणालाही शिक्षा झाली नाही.

या घटनेत कुटुंबापुढील पेच अतिशय स्पष्ट दिसतो. ‘अपघात’ म्हणावे तर उंच सज्जावरून दोघी एकापाठोपाठ पडतात कशा, हा प्रश्न. ‘आत्महत्या’ म्हणावे तर घराण्याच्या नावाला प्रश्नचिन्ह. ‘हत्या’ म्हणावे तर त्यामागे अत्याचाराच्या प्रयत्नाची शंका आणि म्हणून मृत स्त्रियांच्या अब्रूची जाहीर चर्चा. स्त्रीच्या अपमृत्यूच्या चौकशीत तिच्या मृत्यूपेक्षा तिच्या शीलाचीच अधिक चिकित्सा होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. निष्कर्ष कोणताही निघाला तरी कुटुंबाला काही गमवावेच लागणार होते. सुमारे १३० वर्षांनी, २०२० मध्ये, नेव्ह मार्च यांच्या ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ या इंग्रजी कादंबरीने याच घटनेचा आधार घेतला. न्यायालयाला न देता आलेला शेवट कादंबरी देऊ पाहते, हे जगभरच्या गुन्हाकथेचे एक मूळ काम आहे.

मराठी साहित्याने अशा प्रसंगाकडे वेगळ्या वाटेने पाहिले. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरील वृत्तपत्री चर्चेच्या संतापातून ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) लिहिले गेले. चौकशी एका अर्भकाच्या मृत्यूची होती. ताराबाईंनी ती चौकशी करणाऱ्या समाजाचीच केली. तत्पूर्वी १८६३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह सुरू केले, तेही याच प्रश्नाचे कृतिरूप उत्तर होते. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये न्यायालयाचा खेळ एका स्त्रीच्या खऱ्या आयुष्याची चौकशी होऊन बसतो. मराठी लेखनात आरोपीला मध्यभागी ठेवणारा खटला वारंवार येतो. मृताला मध्यभागी ठेवणारी चौकशी त्या मानाने विरळ आहे. कॉरोनरची संस्था एका शहरापुरतीच राहिली, हे त्याचे एक कारण असावे.

७. पंचनामा, अकस्मात मृत्यू आणि १९९९

मुंबई बेटाबाहेर सर्वत्र चालत आलेली व्यवस्था पंचनाम्याची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्याने परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष देहाची पाहणी करून मृत्यूच्या सकृद्दर्शनी कारणाचा अहवाल द्यावयाचा असे. या पाहणीचा आवाका मर्यादित आहे, कोणी व कसे मारले याचा निर्णय तेथे अभिप्रेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी सांगितले आहे. ‘पंच’ हा शब्द गावच्या न्यायसंस्थेतून आला, परंतु येथे पंच निवाडा करीत नाहीत, ते केवळ पाहतात आणि सही करतात. ज्यूरी प्रश्न विचारू शकत होती, निष्कर्ष देत होती. तरीही मराठीने आपलासा केला तो ‘पंचनामा’च. ‘एखाद्याचा पंचनामा करणे’ हा वाक्प्रचार वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपासून घरगुती भांडणापर्यंत पोचला. ‘कॉरोनर’ मात्र शतकाहून अधिक काळ शहरात राहूनही परका शब्दच राहिला. ज्या संस्थेत कुटुंबाला अधिक ऐकता येत होते, तिला लोकभाषेत रूप मिळाले नाही.

१९८० च्या दशकात नवविवाहितांच्या मृत्यूंनी या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा पाहिली. स्टोव्हचा भडका, तोल जाणे, चुकून औषध घेणे, ही सासरहून येणारी ठरावीक स्पष्टीकरणे स्त्रीसंघटनांनी प्रश्नांकित केली. १९८३ च्या दुरुस्तीने विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या स्त्रीच्या संशयास्पद मृत्यूत, किंवा तिच्या नातेवाइकाने मागणी केल्यास, शवविच्छेदनाची तरतूद झाली. १९८६ मध्ये हुंडाबळी हा स्वतंत्र अपराध ठरला. ‘कुटुंब’ हा शब्द एकसंध नाही, हे कायद्याने येथे प्रथमच स्पष्टपणे मानले. माहेर दावेदार आणि सासर संशयित, अशी त्याची फाळणी चौकशीच्या दारातच झाली. पुण्यातील एका नवविवाहितेच्या १९८२ मधील मृत्यूच्या खटल्यात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे सर्वोच्च न्यायालयापर्यंत (१९८४) पोचली आणि मृताचे निवेदन म्हणून त्यांच्या ग्राह्यतेची चर्चा झाली. पती निर्दोष सुटला. परंतु मृत स्त्रीचे खासगी पत्र पुरावा म्हणून कसे वाचावे, हा त्या निकालपत्रातील विचार साहित्यिक अर्थनिर्णयाच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे.

अशा काळात मुंबईच्या कॉरोनरचे स्थान दुबळे होत गेले. पोलीस तपास वेगळा, कॉरोनरची चौकशी वेगळी, आणि कॉरोनरचा निष्कर्ष फौजदारी न्यायालयाला बंधनकारक नाही. कुटुंबाच्या वाट्याला मात्र दोन्हीकडचे हेलपाटे. १९९९ मध्ये मुंबईतील कॉरोनर-संस्था रद्द झाली. कोलकात्यातही ती राहिलेली नाही. तेव्हापासून मुंबईतील कुटुंबाचा मार्गही देशातील इतर कुटुंबांसारखाच आहे : पोलीस ठाण्यातील अकस्मात मृत्यूची नोंद, मरणोत्तर पंचनामा, सरकारी वा पालिका रुग्णालयातील शवविच्छेदन, ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हा शेरा आणि त्याच्या अहवालाची प्रतीक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची १९४ ते १९६ ही कलमे या कामी लागू आहेत. पोलिसांनी अहवाल २४ तासांत पाठवावा, अशी मुदत त्यांत घातली आहे. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन न करण्याचा जुना दंडकही नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने शिथिल केला. पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत, खून, आत्महत्या यांसारखी प्रकरणे सामान्यतः वगळून, रात्रीही ते करता येते. अंत्यविधीच्या वेळेचा कुटुंबांचा जुना पेच त्यामुळे काही अंशी तरी सुटला.

दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत, विशेषतः कोठडीतील मृत्यूंबाबत, कुटुंबाला महत्त्वाचा अधिकार आहे. मृताच्या ज्ञात आप्तांना शक्य तेथे कळवावे आणि त्यांना चौकशीस हजर राहू द्यावे, असे कायदा सांगतो. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायिक दंडाधिकाऱ्याकडे दिली. हजर राहण्याचा हा हक्क कागदावर लहान दिसतो. प्रत्यक्षात, दारे बंद करून लिहिलेला अहवाल आणि आप्तांच्या देखत नोंदविलेली साक्ष यांतील अंतर तोच ठरवितो.

८. इंग्लंड : शोकाकुल आप्ताचा अधिकार

मुंबईने जी संस्था सोडली, ती इंग्लंडने बदलून घेतली. २००९ चा कॉरोनर व न्याय कायदा २०१३ पासून अमलात आला. कॉरोनरने चार प्रश्नांची उत्तरे शोधावयाची : मृत कोण, मृत्यू कसा, केव्हा आणि कोठे आला. कोणाचेही फौजदारी वा दिवाणी दायित्व निष्कर्षात नमूद करता येत नाही. पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे यांना ‘हितसंबंधी व्यक्ती’ म्हणून कागदपत्रे मिळविण्याचा, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा आणि वकील देण्याचा अधिकार आहे. शवविच्छेदनाला नकार देण्याचा अधिकार मात्र नाही. मृत्यूची अंतिम नोंद चौकशी संपेपर्यंत होत नसल्याने व्यवहारासाठी तात्पुरता दाखला मिळतो. लवकर अंत्यविधी करण्याची धार्मिक निकड विचारात न घेता सर्व मृत्यू क्रमवारीनेच हाताळण्याचे लंडनमधील एका कॉरोनरचे धोरण उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बेकायदा ठरविले. तो दावा ज्यू समाजातील एका दफनसंस्थेचा होता. परंतु तेथे स्थायिक झालेल्या हिंदू, मुसलमान आणि अर्थातच मराठी कुटुंबांनाही त्याचा आधार आहे.

हे अधिकार सहज आले नाहीत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत सापडलेल्या ९६ फुटबॉलप्रेमींचा बळी गेला. तेव्हाच्या जखमांमुळे २०२१ मध्ये दगावलेली व्यक्ती ही ९७ वी. पहिल्या चौकशीत लहान मुलांसह सर्व मृतांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण तपासले गेले. दुपारी सव्वातीननंतरच्या घटनांची चौकशीच झाली नाही. १९९१ मध्ये ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय आला. शोक करणाऱ्यांच्या घरातील मृतांनाच दोषी ठरविणारी ही संहिता कुटुंबांनी स्वीकारली नाही. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दुसरी चौकशी २०१४ मध्ये सुरू झाली आणि २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने ‘बेकायदा मनुष्यवध’ असा निष्कर्ष दिला. शब्दांच्या या एका बदलासाठी कुटुंबांनी २७ वर्षे घालविली होती.

साहित्याच्या दृष्टीने दुसऱ्या चौकशीचा आरंभ अर्थपूर्ण आहे. पुराव्याआधी प्रत्येक मृताच्या आप्ताने आपल्या माणसाचे शब्दचित्र वाचून दाखविले. कोण होता, काय आवडे, घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारीत, हे प्रथमच त्या नोंदीचा भाग झाले. २०२१ मध्ये मुख्य कॉरोनरांनी अशा शब्दचित्रांसंबंधी मार्गदर्शक सूचनाच काढल्या. दुसरा बदल निष्कर्षाच्या रूपातील आहे. ‘अपघात’, ‘आत्महत्या’, ‘नैसर्गिक मृत्यू’ अशा ठरावीक शब्दांऐवजी घटना कशी घडली हे काही वाक्यांत सांगणारा ‘कथनात्मक निष्कर्ष’ हाउस ऑफ लॉर्ड्सच्या २००४ मधील मिडलटन निकालानंतर रुळला. भावी मृत्यू टाळण्यासाठी कॉरोनरने अहवाल पाठविल्यास संबंधित संस्थेला ५६ दिवसांत उत्तर द्यावे लागते. म्हणजे चौकशी आता एका शब्दावर संपत नाही. ती कथा सांगते आणि त्या कथेतून पुढील कृती मागते.

९. समारोप

तीन परंपरांचा हा आढावा एका निरीक्षणाकडे नेतो. कौटिल्याच्या संहितेत कुटुंब संशयित आहे, १८७१ च्या कायद्यात ते साक्षीदार आहे, आणि आजच्या इंग्लंडमध्ये ते, कष्टाने का होईना, सहभागी झाले आहे. भारतात ही शेवटची पायरी अर्धवट राहिली. मुंबईची कॉरोनर-संस्था वसाहती होती, इंग्रजी होती, संथ होती आणि तिचा निर्णय दुबळा होता. हे सारे खरे मानले तरी ती रद्द करताना तिच्यातील एक गोष्ट सोबत गेली : कोणाही आप्ताला जाऊन बसता येईल अशी खुली जागा, जेथे त्याच्या माणसाच्या मृत्यूचे कारण मोठ्याने उच्चारले जाई. तिची जागा घेणाऱ्या व्यवस्थेत कारण एका कागदावर असते आणि तो कागद मिळविण्यासाठी कुटुंबाला खिडक्यांसमोर उभे राहावे लागते.

तुलनेचे प्रयोजन इंग्लंडचे अनुकरण सुचविणे हे नाही. हिल्सबरोच्या कुटुंबांना जे सोसावे लागले ते त्या व्यवस्थेतच सोसावे लागले. प्रयोजन एवढेच की, अपमृत्यूची नोंद ही कायद्याची बाब असण्यापूर्वी कथनाची बाब आहे. कोण बोलते, कोण लिहिते, कोणत्या भाषेत, आणि शेवटचा शब्द कोणाचा, यावर जिवंतांना पुढे कसे जगता येईल हे अवलंबून असते. ‘जिवाला कंटाळली होती’ हे आईचे वाक्य तिच्या भाषेत, तिने ज्या अर्थाने उच्चारले त्या अर्थाने नोंदविले जावे, ही मागणी न्यायाची आहे आणि वाङ्मयाच्या अभ्यासाचीही. साक्षीचे जबाब, पंचनामे, निष्कर्षपत्रे या दुर्लक्षित गद्यप्रकारांकडे भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी या दृष्टीने वळावयास हवे.